‘पगारी समाजसेवा’ म्हणणाऱ्या वाचकाला

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. पहिलं उत्तर त्याच रात्री लिहिलं होतं, पण ते रागाच्या भरात लिहिलेलं होतं, म्हणून सकाळी खोडलं. आता सावकाश लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. शहरात शिक्षण, रोजगार, घर या बाबतीत मागे ठेवल्या गेलेल्या लोकांसोबत काम करणाऱ्या संस्थांमध्ये तिशीतली मंडळी आता पुढे येतायत, त्यांच्यावर भरवसा टाका आणि अटी न घालता पैसे द्या, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ही पगारी समाजसेवा आहे. दोन वर्षं फेलोशिप, चार फोटो, एक भाषण, मग पुढच्या शिक्षणाला रवाना. वस्ती तिथल्या तिथेच. ज्यांच्या नावावर पैसा येतो त्यांच्यापर्यंत त्यातला किती पोचतो? मी वीस वर्षं संस्थांचे ताळेबंद तपासलेत, मला सांगू नका.” आणि जाता जाता: “ही कामं सरकारची आहेत, पोरांची नव्हेत.”

फोटो आणि भाषणाबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फेलोशिपच्या निवड समितीवर मी होतो. प्रत्येक उमेदवाराला सात मिनिटं. टेबलावर घड्याळ, आमच्यापुढे गुणांचे तक्ते. एका तरुणाच्या स्लाइडवर शहराचा नकाशा होता आणि नकाशावर चहूकडे जाणारे बाण. त्याला मी नऊ गुण दिले. त्याच्यानंतर एक मुलगी आली. स्लाइड नाही, हातात हजेरीची वही. म्हणाली, मी माझा संध्याकाळचा अभ्यासवर्ग बंद केला. का? तर थोरल्या मुली येईनाशा झाल्या. घरोघरी जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की आई कामावरून परत येईपर्यंत धाकट्या भावंडांना त्यांनाच सांभाळावं लागतं. मग तिने त्याच खोलीत लहान पोरांना सांभाळायची सोय केली, आणि आठवडाभरात थोरल्या मुली दप्तरं घेऊन आपोआप येऊन बसल्या. वहीतली ती पानं तिने आम्हाला दाखवली: महिनाभर गैरहजेरीच्या फुल्या, मग एकदम हजेरीच्या खुणांची रांग. आमच्यातल्या एकाने विचारलं, “हे स्केल कसं करणार?” ती म्हणाली, “माहीत नाही.” मी तिला सहा दिले. तिची निवड झाली नाही.

ते सहा गुण मला अजून खुपतात. तेव्हा निवडीच्या पद्धतीवर तुमचा राग असेल तर मी तुमच्याच बाजूला उभा आहे. पण तुमचं बोट पद्धतीवर नाही, पगारावर आहे. तिथे मात्र आपलं जमत नाही.

बिनपगारी कोण काम करू शकतं, सांगा. शिकागोत गरीब वस्तीत राहून काम करणारं हल हाउस हे समाजकेंद्र १८८९ साली सुरू झालं तेव्हा जेन अ‍ॅडम्स जेमतेम २९ वर्षांची होती. ती बाई थोर होतीच, तिला १९३१ साली शांततेचं नोबेलही मिळालं. पण तिला पगाराची चिंता नव्हती, कारण वडील मागे संपत्ती ठेवून गेले होते. समाजसेवा फुकटच व्हावी असा आग्रह धरला की ती घरचं बरं असणाऱ्यांच्याच हातात राहते. ज्या मुलीने स्वतः भावंडं सांभाळत दहावी केली, तिला घरी पैसे द्यायचे असतात. तिला नीट पगार मिळाला नाही तर ती कुठेतरी कारकुनी धरेल, आणि तिच्या खुर्चीत तुम्हाला न आवडणारा तोच दोन वर्षांचा पाहुणा येऊन बसेल. तुम्ही ज्या पोरांवर चिडलात, ती तुमच्याच नियमातून जन्माला येतात.

ताळेबंदाचं म्हणाल, तर तुमच्याकडून मीच शिकायचं. पण एक विचारतो. प्रशासकीय खर्च पाच टक्के दाखवणारी संस्था तुम्ही पाहिली असेल. तो पाच टक्क्यांवर कसा आणतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? हिशेबनिसाचा पगार प्रकल्पात घुसवायचा, कॉम्प्युटर शैक्षणिक साहित्यात टाकायचा, संचालिकेच्या रात्रीच्या कामाचे पैसे कुठेच दाखवायचे नाहीत. देणगीदाराला कमी आकडा आवडतो, म्हणून संस्था कमी दाखवते, म्हणून पुढच्या देणगीदाराला त्याहून कमी हवा असतो. अमेरिकेत २००९ साली या फेऱ्याला उपासमारीचं चक्र असं नाव देणारा एक लेख बराच गाजला. २०१३ मध्ये तर संस्थांची माहिती आणि मानांकन देणाऱ्या तिथल्या तीन मोठ्या संघटनांनीच देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं, की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. ज्यांनी देणगीदारांना टक्के बघायची सवय लावली होती, त्यांच्यातल्याच काहींना हे लिहावं लागलं. ताळेबंद जरूर बघा. फक्त दुसऱ्या ओळी बघा: गंगाजळी किती महिने पुरेल, सगळा पैसा एकाच देणगीदाराचा आहे का, कार्यालयाचं भाडं कुणा विश्वस्ताच्या नातेवाइकाला जातंय का.

सरकारचा मुद्दा मला तुमच्या प्रतिक्रियेत सगळ्यात आवडला, कारण तो अर्धा खरा आहे.

हल हाउसमध्ये सुरुवात झाली ती वाचन, कला, व्याख्यानं अशा सुसंस्कृत गोष्टींनी. लवकरच लक्षात आलं की शेजारपाजारच्या कामकरी बायकांना लेकरं ठेवायला जागा हवीय. (वहीवाल्या मुलीला हे ऐकून माहीत होतं असं मला वाटत नाही. तिलाही तेच सापडलं, इतकंच.) मग लक्षात आलं की लेकरं आजारी पडतात, कारण गल्ल्यांत कचरा साठून राहतो. अ‍ॅडम्सने कचरा उचलायच्या कंत्राटासाठी स्वतः निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने बाद झाली, पण बोभाटा एवढा झाला की १८९५ साली महापौरांनी तिलाच वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. ती पहाटे उठून कचरागाड्यांच्या मागे जायची, कंत्राटदार नीट उचलतोय ना हे बघायला. तिथेच राहणारी फ्लॉरेन्स केली घराघरांतून चालणाऱ्या शिवणकामाची पाहणी करत होती. त्या खटपटीतून १८९३ साली इलिनॉय राज्यात १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी करणारा कायदा झाला, आणि तो अमलात आणायला राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून केलीलाच नेमलं गेलं.

काम सरकारचं होतं, कबूल. पण सरकारला ते काम दिसलं, कारण कुणीतरी दारोदार जाऊन मोजून आणलं होतं. आज चांगली नवी मंडळी हेच करतात. शाळेत प्रवेश मिळतो पण जन्मदाखल्यावाचून अडतो, रोजगाराची योजना असते पण फॉर्म फक्त ऑनलाइन असतो, अशा फटी ती शोधून काढतात. अशा कामाचा फोटो निघत नाही. कचरागाडीमागे चालणाऱ्या बाईचा कोण काढणार?

आता एक कबुली. तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरकस पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन शहरांत, मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून १९३९ साली एक प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलगे, एकसारख्यांच्या जोड्या लावून दोन गट पाडलेले. एका गटाला सरासरी पाच वर्षं घरभेटी, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी संशोधक जोन मकॉर्ड यांनी त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना शोधून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं दिली, त्यातले दोन तृतीयांश म्हणाले की आमचं भलं झालं. नोंदी मात्र उलट सांगत होत्या: पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, लवकर मृत्यू, हे सगळं मदत मिळालेल्या गटात जास्त होतं. १९७८ साली तो निष्कर्ष छापून आला. प्रेमळ, प्रामाणिक माणसांनी केलेल्या कामातून नुकसान झालं, आणि ज्यांचं झालं त्यांनाही ते कळलं नाही. “आमच्या मुलांच्या चेहऱ्यावरचं हसू बघा” असं कुणी अहवालात लिहिलं की मला हा अभ्यास आठवतो.

पण मोजायचं तर धीरही हवा. अमेरिकेतल्याच पाच शहरांत १९९४ ते १९९८ या काळात सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांत सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी मदत दिली गेली. पुढची बरीच वर्षं निष्कर्ष असा, की मोठ्यांच्या कमाईत काही फरक नाही. पैसा वाया गेला, असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. लहान मुलं मोठी होऊन कमवायला लागली तेव्हा पुन्हा आकडे काढले. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांनी घर बदललं होतं, त्यांची पंचविशीतली कमाई इतरांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. हे छापून आलं २०१६ साली. आपण देणगीदार मात्र बारा महिन्यांत ‘परिणाम’ मागतो, आणि संस्थेतली एखादी मुलगी रात्री अकरा वाजता एक्सेल शीट भरत बसते. त्या शीटमध्ये एकच पोर तीन योजनांखाली तीनदा मोजलेलं असतं, कारण तिन्ही देणगीदारांना आकडा हवा असतो.

‘अटी न घालता’ हे माझे शब्द मी अर्धे मागे घेतो. पैसा भाड्यावर खर्च करायचा की पगारावर, ही अट नको. पण ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांना “हे बंद कर” म्हणायची सोय आहे का आणि ते म्हणाले तर खरंच बंद होतं का, हे मी विचारीन. अहमदाबादच्या इला भट्ट यांनी १९७२ साली स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची ‘सेवा’ ही संघटना उभी केली, तेव्हा कामगार खातं म्हणालं, या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? नोंदणीसाठी भांडावं लागलं. दोनच वर्षांनी ४,००० सभासद बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून स्वतःची बँक काढली. त्या बँकेत बायका लाभार्थी नव्हत्या, भागधारक होत्या. ‘नाही’ म्हणायचा हक्क कागदावर लिहिलेला होता.

दोन वर्षांच्या पाहुण्यांबद्दलही थोडं. इला भट्ट आकाशातून पडल्या नव्हत्या, त्या आधी जुन्या मजूर संघटनेत काम करत होत्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेफ्री कॅनडा १९८३ साली गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या, १९७० पासूनच्या एका संस्थेत रुजू झाले, १९९० साली प्रमुख झाले आणि २०१४ साली तिथल्याच एका सहकारी बाईकडे सूत्रं देऊन पायउतार झाले. नवं नेतृत्व बऱ्याचदा जुन्या संस्थेच्या दुसऱ्या फळीत बसलेलं असतं. मागच्या लेखात मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सतरा वर्षं वस्तीत जाणारी, कुठल्या घरात कोण आजारी आहे ते तोंडपाठ असलेली बाई ‘कार्यकर्ती’च राहते, कारण तिला अर्ज लिहिता येत नाही. अर्ज लिहिता येणारा ‘लीडर’ होतो. ही चूक माझी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळेच ती मला दिसली.

ती वहीवाली मुलगी अजून काम करतेय. फेलोशिप नाही, दोन छोट्या देणग्या आहेत आणि खोली बदललीय. हिशेब ती स्वतःच लिहिते, आणि गेल्या वर्षी लेखापरीक्षकाने तीन शंका काढल्या, तेव्हा तिने मला विचारलं होतं. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. तुम्हाला कळेल. महिन्यातून एका शनिवारी दोन तास तिच्या वह्या बघाल का? तिला मी तुमच्याबद्दल अजून काही बोललेलो नाही. तुम्ही हो म्हणालात तरच बोलेन. आणि नाही म्हणालात तर तसं इथे लिहिलंत तरी चालेल, मी प्रतिक्रिया काढून टाकत नाही.