तीन वर्षांच्या मुलाला गिरवायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

तालुक्याच्या गावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अंगणवाडीत फक्त खिचडी, शिक्षण शून्य. तिसऱ्या वर्षी लिहायला लागलं नाही तर मूल कायमचं मागे पडतं. नर्सरी-केजी नसेल तर पहिलीत प्रवेश नाही. अंगणवाडी गरिबांसाठी असते.’ तो वाचून शेजारच्या घरात नातीचं नाव अंगणवाडीतून काढायचं चाललंय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

प्रवेशाची थाप आधी निकालात काढू. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. केजीचा दाखला लागत नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायलाही बंदी आहे. गरिबांचा मुद्दाही खोटा. अंगणवाडीला उत्पन्नाची अट नाही.

खरं नुकसान करतो तो लिहिण्याचा मुद्दा. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन आणि पाचनंतर त्रिकोण. तिरकी रेघ जमायच्या आधी ‘र’ आणि ‘स’ची पानं भरायला लावली की मूल पेन्सिल मुठीत धरतं, नाहीतर टोकाजवळ आवळून अंगठा बोटांवर चढवतं. ही पकड पहिलीतही सुटता सुटत नाही. चार ओळींत हात दुखतो आणि मूल वहीच टाळायला लागतं. या वयात बोटांना कामं द्या: मणी ओवणं, कणकेच्या गोळ्या, कागद फाडून चिकटवणं, ओलं फडकं पिळणं. भिंतीवरच्या फळ्यावर उभ्यानं रेघा मारू द्या, त्यानं खांदा आणि मनगट तयार होतं. खडू अख्खा देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरून चालतच नाही, बोटांच्या चिमटीतच घ्यावा लागतो. अंगणवाडीत हे खेळ घेतले जातात म्हणून ‘नुसतं खेळतात’ अशी तक्रार होते. तेच शिक्षण आहे!

‘शिक्षण शून्य’ यात अर्धं खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. एकच सेविका गृहभेटी, वजनं, घरपोच आहार, लसीकरणाचा दिवस आणि पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरची नोंद सांभाळते, आणि कात्री लागते ती शिकवण्याच्या वेळेला. पण उपाय नाव काढण्यात नाही. तमिळनाडूत 640 अंगणवाड्यांवर अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. निम्म्या केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ कार्यकर्ती मिळाली. शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला. 18 महिन्यांनी तिथली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे होती, शिवाय तीव्र कुपोषण घटलं. केंद्र तेच, सेविकाही तीच, हातांची भर तेवढी पडली.

खिचडीला हिणवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तीन ते सहा वयाच्या मुलांचा गरम आहार 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

नाव काढण्याआधी सकाळी अकराच्या सुमाराला केंद्रात जा. मुलांच्या हातात साहित्य आहे की ते कपाटात कुलूपबंद आहे? गाणी-गोष्टींचं वेळापत्रक पाळलं जातं का? ताईंकडून मुलाचा वाढीचा तक्ता मागा. सलग दोन महिने वजन वाढलं नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. शिकवणं खरंच होत नसेल तर पर्यवेक्षिकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.