शिधा विकतात म्हणून देणं थांबवायचं?

परवा रात्री आईचा डोंबिवलीहून फोन. "अगं, निर्वासितांच्या धान्यासाठी आपण दर महिन्याला पैसे पाठवतो ना, ते बंद करू का? ते लोक धान्य विकून टाकतात म्हणे." तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज तिने मला पाठवला. त्यात म्हटलंय की निर्वासितांना फुकट भरपूर मिळतं, ते शिधा विकतात, आयतं खाऊन आळशी होतात आणि ज्या देशात राहतात त्यालाच बुडवतात. सोबत बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीचा फोटो. वाचून डोकंच फिरलं.

भरपूर म्हणजे किती? त्याच छावण्यांत संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम माणशी महिन्याला 12 डॉलरचं अन्न देत होता. देणग्या आटल्या, तसे मार्च 2023 मध्ये 10 झाले, जूनमध्ये 8. तेव्हाच्या भावाने साधारण 650 रुपये, म्हणजे दिवसाला 22. दोन्ही वेळचं जेवण त्यात. पुढे जानेवारी 2024 मध्ये ते पुन्हा 10 वर आले.

शिधा विकतात हे मात्र काही प्रमाणात खरं आहे. अनेक छावण्यांत विकतात. पण का, ते मेसेजमध्ये नाही. शिध्यात धान्य, डाळ, तेल, मीठ. आफ्रिकेतल्या छावण्यांत कितीदा मका किंवा ज्वारी अख्खीच मिळते, मग दळणाचे पैसे कुठून आणायचे? साबण, जळण, पोराचं औषध, मुलीची वही? हातात विकण्यासारखं एवढंच असतं. त्यातून सगळ्यांकडे तेच जिन्नस, म्हणून व्यापारी भाव पाडून घेतो. शिधा विकणारी बाई यात कमवत नाही, पोरांच्या ताटातलं काढून दुसरी नड भागवते. आई, 1982 च्या गिरणी संपात बाबांचा पगार बंद होता, तेव्हा तू रेशनची साखर शेजारी विकून माझी फी भरलीस. आपल्याला साखर नको होती म्हणून विकलीस का? यावर उपाय शिधा बंद करणं नाही, रोख पैसे किंवा दुकानात चालणारं कार्ड देणं हा आहे.

आळशीपणाचं काय सांगू! बांगलादेशात या लोकांना छावणीबाहेर काम करायची कायदेशीर परवानगीच नाही. आणि आपल्या शेजारचं उल्हासनगर? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी बराकींत आली, सुरुवातीला सरकारी शिध्यावर जगली. आज तिथल्या फर्निचर आणि कपड्यांच्या बाजारात आपणच खरेदीला जातो.

राहिलं देश बुडवण्याचं. आफ्रिकेतल्या रवांडा देशात काँगोहून आलेल्या निर्वासितांच्या तीन छावण्यांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात 2016 मध्ये छापून आला. रोख मदत मिळणाऱ्या एका प्रौढ निर्वासितामागे वर्षाला 120 ते 126 डॉलर खर्च होत होते आणि आसपासच्या भागाचं उत्पन्न, महागाई वजा करूनही, 205 ते 253 डॉलरनी वाढत होतं. कारण तो पैसा तिथल्याच शेतकऱ्याकडे, तिथल्याच दुकानात जातो.

तेव्हा आई, या महिन्याचे पैसे थांबवू नकोस. आणि हे तुझ्या ग्रुपवर टाक, साखरेच्या गोष्टीसकट.