जंतू बाटली खाईल, दुधाची पिशवी नाही

लेखकाने नव्या विज्ञानकथेचं बीज सांगितलं आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. मुंबईत प्लास्टिक खाणारा जंतू सोडतात, एका पावसाळ्यात सगळे नाले मोकळे होतात आणि २६ जुलै २००५ सारखं पाणी पुन्हा कधी तुंबत नाही.

"जंतू खराच आहे," मास्तर म्हणाले. "जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या रीसायकलिंग कारखान्याबाहेरच्या गाळात सापडला. २०१६ साली त्यावरचा शोधनिबंध आला. पण प्लास्टिकांत तो खातो फक्त पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. पेटच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर नावाचे जोड असतात, त्यांवर त्याचं विकर (एन्झाइम) कात्री चालवतं. नाल्यात अडकते ती पिशवी पॉलिथिनची. तिथे कार्बनला कार्बन जोडलेला, कात्री लावायला तसा जोडच नाही."

"मग वायरी उघड्या पडल्या, शहर अंधारात गेलं, असं लिहू?"

"नको. वायरीचं आवरण बहुधा पीव्हीसीचं, ते वेगळं प्लास्टिक. शर्ट जातील, पॉलिएस्टर म्हणजे पेटच. तेही रातोरात नाही. पातळ फिल्म ३० अंशांना संपवायला त्याला ६ आठवडे लागले होते. बाटलीचं पेट जास्त स्फटिकी, म्हणजे साखळ्या घट्ट रचलेल्या, तिथे तर फारच मंद चालतो."

ताई इतका वेळ ऐकत होत्या. "म्हणजे तुझा जंतू नेमका भाव असलेला माल खाणार! कचरावेचक बाई बाटली रस्त्यावर सोडत नाही, सोडते ती पातळ पिशवी. बाटल्या संपल्या तर नाला तुंबलेला राहील आणि बाईची रोजची कमाई जाईल. हे घे कथेत." मला वाटतं, मूळ कल्पनेपेक्षा ही कथा कितीतरी चांगली आहे.

वहिनी म्हणाल्या, त्या कंपोस्टेबल, म्हणजे खत होणाऱ्या, पिशव्याच घेतात.

"त्यांची परीक्षा ५८ अंशांच्या आसपास होते," मास्तर म्हणाले. "तेवढ्या उष्णतेत १८० दिवसांत ९० टक्के विघटन झालं तर पास. गॅलरीतल्या खताच्या टोपलीत एवढी ऊब टिकत नाही, ढीगच लहान असतो. शिवाय ती पिशवी साध्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात गेली, तर वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करताना तिच्यातला स्टार्च करपतो, काळे ठिपके पडतात, माल हलका ठरतो. सोसायटीचा ओला कचरा मोठ्या खतप्रकल्पात जात असेल तरच ती घ्या. नाहीतर कापडी."

मग विषय दुधाच्या पिशवीवर आला आणि तिथेच बराच वेळ रेंगाळला. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत निदान ५० मायक्रॉन जाडीच्या दूधपिशवीला सूट मिळाली, पण निदान ५० पैसे देऊन ती परत घ्यायची, अशा अटीवर. ताईंनी हिशेब मांडला. अर्ध्या लिटरची पिशवी साधारण अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे किलोत साधारण ३३० ते ४००. ५० पैशांनी किलोचे १६५ ते २०० रुपये. भंगारात या मालाला याच्या जवळपासही भाव नाही. हे पैसे खरोखर हातात पडू लागले, तर एकही पिशवी नाल्यापर्यंत पोचणार नाही.

"आणि ती आंबट, बुरशी आलेली रास ठेवायची कुठे?" डेअरीवाले अण्णा उसळले. "माझं दुकान आठ बाय दहाचं!"

प्रश्न खरा होता. ताईंचं उत्तर नेमकं होतं. कोपरा पूर्ण कापायचा नाही, चीर देऊन टोक पिशवीलाच लटकतं ठेवायचं, कारण तो सुटा तुकडा कुणी वेचत नाही. रिकामी पिशवी थोड्या पाण्याने विसळून उलटी वाळवायची. वाळलेल्या शंभर पिशव्या पुठ्ठ्याच्या एका खोक्यात मावतात. पैसे देऊन परत घेणं इतरत्र चालतंच: तमिळनाडूच्या नीलगिरीत दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन बाटली आणली की परत देतात. तिथे २०२२ पासून हे चाललंय. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अशी अनामत आहे, आता ती २५ सेंट.

"पहाटेचा टेम्पो रिकामे क्रेट घेऊन जातोच ना, अण्णा? त्यातच पाठवा."

"क्रेटमध्ये अजिबात नाही. उद्या त्यात ताजं दूध येणार आहे."

"बरं, दुकानागणिक एक गोणी, टेम्पोच्या टपाला बांधून."

अण्णा थोडं थांबले. "ओली एकही घेणार नाही. आणि सुटे ५० पैसे आणू कुठून? दुधाच्या महिन्याच्या बिलातून वजा करीन."

लेखकाने वहीत जंतूवर काट मारली आणि अण्णांना विचारलं, गोणीत किती किलो मावतं.