पहिला गुलाममालक कृष्णवर्णीय? अर्धवट फॉरवर्डची झडती

‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक अँथनी जॉन्सन हा कृष्णवर्णीय होता. पुढे हजारो कृष्णवर्णीयांनी गुलाम बाळगले. म्हणजे गुलामगिरीचा वंशाशी संबंध नाही.’ हा मजकूर जॉन्सनच्या फोटोसकट अधूनमधून फिरत असतो. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो सहज पचतो.

फोटोचं आधी उरकून घेऊ. जॉन्सन वारला १६७० मध्ये. माणसांचे फोटो निघायला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं अवकाश होता.

आता ‘पहिला’. अंगोलाचा जॉन्सन १६२१ मध्ये व्हर्जिनियात आला, तंबाखूच्या मळ्यावर राबला, मोकळा झाला आणि १६५१ मध्ये २५० एकरांचा धनी झाला. त्याच्याकडे जॉन कॅसर नावाचा माणूस होता. ‘मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत केव्हाच उलटली,’ असं कॅसरचं म्हणणं. रॉबर्ट पार्कर या शेजाऱ्याने त्याची बाजू घेतली. घरच्यांनी समजावल्यावर जॉन्सनने त्याला सोडलंही, पण नंतर शब्द फिरवून तो कोर्टात गेला. मार्च १६५५ मध्ये कोर्टाने कॅसर त्याच्या हवाली केला. जॉन्सनची वकिली करायचं काही कारण नाही. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, १६४० मध्ये, व्हर्जिनियातच तीन नोकर मालकाकडून पळाले होते. पकडल्यावर दोघा गोऱ्यांची चाकरी काही वर्षांनी वाढली. तिसरा, कृष्णवर्णीय जॉन पंच, याला जन्मभराची चाकरी लागली. १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तर गुलामगिरीला कायद्यातच जागा दिली. मग जॉन्सन पहिला कुठला? शिवाय तो वारल्यावर व्हर्जिनियातली त्याची जमीन ज्यूरीने सरकारजमा ठरवली. कारण काय, तर तो ‘निग्रो, म्हणून परका’. हे फॉरवर्डमध्ये नसतं.

‘हजारो’ मात्र खरं. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १८३०च्या जनगणनेतून असे मालक शोधून काढले: सुमारे ३,८०० मालक आणि त्यांच्याकडे सुमारे १३ हजार गुलाम. देशात तेव्हा गुलाम होते २० लाखांवर, म्हणजे हे प्रमाण हजारी सहा-सात. यातल्या जवळपास ४२ टक्के मालकांकडे एकच गुलाम होता, आणि तो बऱ्याचदा नवरा, बायको किंवा मूल. आपल्याच बायकोला विकत घेऊन कागदावर गुलाम का ठेवायचं? कारण व्हर्जिनियाच्या १८०६च्या कायद्याने मुक्त झालेल्याला वर्षभरात राज्य सोडावं लागे. मुक्त करा आणि ताटातूट ओढवून घ्या, असा तो पेच.

सगळेच असे मायाळू नव्हते. साउथ कॅरोलिनाचा विल्यम एलिसन स्वतः जन्माने गुलाम, कापसाच्या जिनिंग यंत्रांचा कारागीर. १८६० मध्ये त्याच्याकडे ६३ गुलाम होते आणि तो नफ्यासाठीच त्यांना राबवत होता. लुइझियानातही असे ऊसमळेवाले होते. त्यांच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

राहिला ‘वंशाशी संबंध नाही’ हा निष्कर्ष. व्हर्जिनियाचा १६७०चा कायदा सांगतो की कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुक्त असले, बाप्तिस्मा घेतलेले असले, तरी त्यांनी ख्रिस्ती, म्हणजे व्यवहारात गोरा, नोकर विकत घ्यायचा नाही. आपल्या जातीचे घ्यायला मात्र मुभा. कोणी कोणाला विकत घ्यायचं हे कातडी पाहून ठरवणारा हा कायदा. आणि ६३ गुलामांचा धनी असलेल्या एलिसनला गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती.