कोठडीची चावी तपासी अंमलदाराकडे नको

महाराष्ट्रात पोलीस कोठडीत कोणाचा मृत्यू झाला की पुढचा आठवडा कसा जाणार हे आता सगळ्यांना पाठ आहे. नातेवाईक मृतदेह ताब्यात घ्यायला नकार देतात, शहर बंद होतं, रास्ता रोको होतो. संध्याकाळपर्यंत दोन-तीन कर्मचारी निलंबित होतात, ठाणेदार नियंत्रण कक्षाशी संलग्न होतो आणि तपास सीआयडीकडे जातो. मग हळूहळू सगळं शांत होतं. हे सगळं परदेशात बसून वाचणाऱ्या आपल्या मंडळींची प्रतिक्रियाही ठरलेली असते: इथले पोलीस बघा, किती सभ्य.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तरी असं म्हणू नये. 2009 साली लंडनमध्ये जी-20 परिषदेच्या निदर्शनांच्या वेळी इयन टॉमलिन्सन हा वर्तमानपत्रं विकणारा माणूस घरी चालला होता. एका पोलिसाने त्याला मागून दंडुका मारला आणि ढकललं. थोड्या वेळात तो कोसळला आणि गेला. पहिल्या शवविच्छेदनात कारण आलं हृदयविकार. रस्त्यावरच्या एका माणसाने काढलेली चित्रफीत काही दिवसांनी बाहेर आली नसती, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मृत्यूच्या न्यायचौकशीतल्या ज्युरीने 2011 मध्ये ही बेकायदा हत्या ठरवली, पण 2012 मध्ये फौजदारी खटल्यातल्या ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. त्याची नोकरी मात्र गेली. पोलिसाच्या हातून झालेल्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाची शिक्षा होण्याची गेल्या 30 हून अधिक वर्षांतली पहिली वेळ इथे 2021 मध्ये आली. ते प्रकरण माजी फुटबॉलपटू डेलियन ॲटकिन्सनच्या मृत्यूचं, आणि शिक्षा 8 वर्षांची.

आपल्याकडची आकडेवारी याहून फार वेगळं सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2001 ते 2020 या काळात देशभरात कोठडीत 1,888 मृत्यू झाले आणि दोषी ठरले 26 पोलीस. म्हणजे शिक्षेच्या टोकाकडून पाहिलं तर दोन्ही देश नापास आहेत. आपली सगळी मागणी मात्र त्याच टोकाची असते: निलंबित करा, बडतर्फ करा, फाशी द्या. निलंबन ही मुळात शिक्षाच नाही. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका आणि नंतर वाढूही शकतो. विभागीय चौकशी रेंगाळली की माणूस कामावर परत येतो. घाटकोपर स्फोटाच्या तपासात ताब्यात असलेल्या ख्वाजा युनूसच्या कथित कोठडीमृत्यूचं प्रकरण जानेवारी 2003 चं. पोलिसांचं म्हणणं होतं की तो वाहनातून पळून गेला. चौकशीत 14 पोलिसांची नावं आली, खटल्याला परवानगी मिळाली चौघांपुरती, आणि 2004 मध्ये निलंबित झालेले 2020 मध्ये सेवेत परतले.

ब्रिटनकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळ्या ठिकाणी आहे, आणि आपल्या चर्चेत ती जवळजवळ येतच नाही. ती आहे कोठडीच्या टेबलामागे बसलेला सार्जंट.

1972 मध्ये लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट नावाच्या माणसाचा खून झाला आणि तीन मुलांना त्यांच्या कबुलीजबाबांवर शिक्षा झाली. पुढे ते जबाब खोटे ठरले. त्याबद्दलच्या चौकशीतून आणि नंतर नेमलेल्या शाही आयोगातून 1984 चा ‘पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट’ आला. इथे त्याला ‘पेस’ म्हणतात. त्यातला कोठडी अधिकारी किमान सार्जंट दर्जाचा असतो आणि त्या गुन्ह्याच्या तपासाशी त्याचा संबंध असता कामा नये. पकडून आणलेल्या माणसाला तपास करणारा पोलीस थेट खोलीत नेऊ शकत नाही. आधी या टेबलासमोर उभं राहून, आरोपीच्या देखत, याला का आणलं हे सांगावं लागतं. ठेवून घ्यायचं की सोडायचं हे सार्जंट ठरवतो. अंगावर जखम आहे का, औषध चालू आहे का, दारू प्यायला आहे का, जिवाचं काही करून घेईल का, हे तो विचारतो आणि नोंदवतो. वकील फुकट मिळतो. आरोपी 18 वर्षांखालचा असेल तर त्याच्या बाजूने एक मोठा माणूस हजर लागतो.

घड्याळही तिथूनच चालू होतं. 6 तासांनी पहिला आढावा आणि मग दर 9 तासांनी, तोही तपासात नसलेल्या इन्स्पेक्टरकडून. 24 तासांची मर्यादा गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंट 36 पर्यंत नेऊ शकतो. त्यापुढे कोर्टातच जावं लागतं, आणि तेही जास्तीत जास्त 96 तासांपर्यंत. नशेत असलेल्याला किमान दर अर्ध्या तासाने जाऊन उठवून पाहायचं, नुसतं झडपेतून डोकावून चालत नाही. जबाब ध्वनिमुद्रित होतो. आरोपीच्या वकिलाने जबाब दडपणाखाली घेतल्याचा मुद्दा काढला, तर तसं नव्हतं हे सरकारी पक्षाला निःसंशय सिद्ध करावं लागतं.

या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद छोटीशी आहे. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोठडी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध काही सांगितलं, तर तो वाद ताबडतोब ठाण्याची जबाबदारी असलेल्या सुपरिंटेंडंटकडे पाठवावा लागतो. म्हणजे ‘साहेबांनी सांगितलंय’ एवढ्यावर सार्जंटने मान डोलवायची नाही. याशिवाय नागरिकांमधले स्वयंसेवक जोडीने, न सांगता, रात्री-अपरात्री कोठडी पाहायला येऊ शकतात. हे सगळं असूनही इथे चुका होतात. गर्दीच्या रात्री एकेका सार्जंटवर भार पडतो, नोंदीत ‘पाहणी केली’ असतं आणि कॅमेऱ्यात कोणी फिरकलेलं दिसत नाही. पण ती तफावत पकडता येते, कारण नोंद एकाची असते आणि तपास दुसऱ्याचा.

आता आपलं ठाणं पाहा. स्टेशन डायरी ठाणे अंमलदार लिहितो, लॉकअपला गार्ड असतो, पण दोघेही त्याच पोलीस निरीक्षकाचे हाताखालचे, ज्याच्यावर गुन्हा उघडकीस आणायचा दबाव असतो. कायदा कागदावर वाईट नाही. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये 11 निर्देश दिले: अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. यातलं बरंच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आहे. पाणी मुरतं ते अटकेच्या आधी. माणसाला ‘चौकशीसाठी बोलावलं’ जातं, डी. बी.च्या, म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या, खोलीत बसवलं जातं, आणि अटकेची वेळ सोयीने नंतरची पडते. 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं घड्याळ त्या पडलेल्या वेळेपासून मोजलं जातं. मारहाण व्हायची ती बहुतेक वेळा या मोकळ्या तासांत होते, आणि त्या तासांचा कागदच नसतो.

म्हणून घरच्यांनी करायचं पहिलं काम म्हणजे तो कागद स्वतः तयार करणं. 2006 च्या लखनभैया चकमक प्रकरणात वकील असलेल्या भावाने, माणूस उचलल्याचं कळताच, चकमकीची बातमी येण्याआधी आयुक्तांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यावरच्या वेळांनी पोलिसांची कहाणी उघडी पाडली. 2013 मध्ये 13 पोलिसांना जन्मठेप झाली, आणि त्या वेळी सुटलेल्या नामांकित ‘चकमकफेम’ अधिकाऱ्यालाही 2024 मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरलं. आज तार नाही. पण 112 वर केलेल्या फोनची नोंद राहते, आणि अधीक्षक किंवा आयुक्त व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना केलेल्या ईमेलवर वेळ पडते. त्यात माणसाचं नाव, कुठून नेलं, किती वाजता, कोणत्या गाडीने, एवढं लिहावं. आरोपांचं पाल्हाळ तेव्हा नको. हजर केल्यावर न्यायदंडाधिकाऱ्याने ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं विचारलं की मारहाण झाली असेल तर ती तिथेच सांगायची आणि वैद्यकीय तपासणी मागायची. चार दिवसांनी वळ उरत नाहीत.

सीसीटीव्हीचंही तसंच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, मार्गिका, निरीक्षकाची खोली इथे आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण 18 महिने ठेवायचं, आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तर जमेल तितका जास्त काळ, पण 1 वर्षापेक्षा कमी नाही. देखरेखीसाठी जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख. तरी वेळ आली की कॅमेरा बंद असतो, नाहीतर चित्रणावर दुसरं चित्रण चढलेलं असतं. ‘चित्रण जपून ठेवा’ असा लेखी अर्ज पहिल्या एक-दोन दिवसांतच ठाणे, अधीक्षक आणि या समितीकडे गेला पाहिजे. बंद कॅमेऱ्याला कोण जबाबदार हे ठरलेलं नसेल तर कॅमेरा बंदच राहणार. तो रोज चालू आहे की नाही हे सही करून सांगणारा माणूस तपासाबाहेरचा असला पाहिजे. पुन्हा तोच मुद्दा.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालाने 2006 मध्ये ते स्थापन करायला सांगितलं, महाराष्ट्राने 2014 च्या कायद्यात आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियमबाह्य अटक, खंडणी, जमीन बळकावणं, सगळं त्याच्या कक्षेत आहे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या इथल्या आयओपीसी या स्वतंत्र संस्थेशी तुलना केली की एक फरक डोळ्यात भरतो. पोलीस संपर्कानंतर मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर कोणाची तक्रार असो-नसो, पोलीस दलाने स्वतःहून, उशिरात उशिरा पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत, ते प्रकरण तिच्याकडे पाठवायचं असतं. आपल्याकडे रडणाऱ्या आईने वकील शोधून अर्ज करायचा असतो. आयओपीसीही चौकशा लांबवते, कित्येक प्रकरणं त्याच दलाकडे परत पाठवते. पण खबर देण्याचा भार पोलिसावर टाकणं हा नियम आपण तसाच्या तसा घेण्यासारखा आहे.

टॉमलिन्सनला ढकलणाऱ्या पोलिसाची आणखी एक बाजू आहे. 2001 मध्ये शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असताना तो वैद्यकीय कारणाने निवृत्त झाला, मग दुसऱ्या दलात लागला आणि 2004 पर्यंत पुन्हा लंडनच्या दलात आला. डिसेंबर 2017 पासून इथे बडतर्फांची यादी आहे. त्या यादीतल्या माणसाला कोणतंही पोलीस दल घेऊ शकत नाही, आणि राजीनामा दिला तरी सुनावणी होऊ शकते. सुनावणी साधारणपणे खुली असते. आपली विभागीय चौकशी बंद खोलीत होते, आणि ज्याने मार खाल्ला तो तिथे फक्त साक्षीदार असतो. निकाल काय लागला हे त्याला माहितीच्या अधिकारात विचारावं लागतं.

मग आपल्या कायद्यातले अडसर. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 161 म्हणतं की कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसाविरुद्ध दावा किंवा खटला 6 महिन्यांत भरला पाहिजे. शासनाची पूर्वपरवानगी असेल तर खटल्याला 2 वर्षं. कबुलीसाठी मारहाण हे कर्तव्याच्या नावाखाली येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्येच महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलंय. तरी बचाव पक्ष हे कलम काढतोच, आणि गरीब तक्रारदाराचा वेळ त्यात जातो. ते रद्द करायला केंद्राची वाट पाहावी लागत नाही, कायदा राज्याचा आहे. खटल्याच्या मंजुरीबाबत नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली: सरकारने 120 दिवसांत ठरवलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. वकिलांनी मंजुरीच्या प्रस्तावाची पोच जपून ठेवावी, दिवस तिथून मोजायचे आहेत.

आणि पुराव्याचा भार. 1972 मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये पुरावा कायद्यात 114-अ आलं. कोठडीतल्या बलात्कारात ‘संमती नव्हती’ असं स्त्रीने सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. दोनच वर्षांनी, 1985 मध्ये, विधी आयोगाने 113 व्या अहवालात कोठडीतल्या इजेसाठी असंच कलम सुचवलं: इजा कोठडीत झाली तर ती ताबा असलेल्या पोलिसाने केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ते आजवर झालं नाही. 2023 मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हाही ती संधी घेतली नाही. बंद खोलीत साक्षीदार फक्त पोलीस असतात. खुलासा त्यांच्याकडेच मागितला पाहिजे.

मनुष्यबळ नाही, हा आक्षेप लगेच येईल, आणि तो खरा आहे. बंदोबस्त, व्हीआयपी दौरे, सणवार यात ठाणं रिकामं होतं. पण प्रत्येक ठाण्याला वेगळा कोठडी अधिकारी लागतच नाही. मुंबईत अनेक ठाण्यांच्या आरोपींसाठी एक जनरल लॉकअप वापरायची पद्धत आधीपासून आहे. इंग्लंडमध्येही आता छोट्या ठाण्यांच्या कोठड्या बंद करून मोठी सामाईक केंद्रं चालवतात. उपविभागाला एक कोठडी, तीन पाळ्यांत तीन सहायक निरीक्षक, त्यांचे गोपनीय अहवाल गुन्हे शाखेऐवजी मुख्यालयाच्या उपअधीक्षकाकडे, आणि चौकशीला आणलेल्या प्रत्येक माणसाची, अटक झाली असो वा नसो, दारातच वेळ टाकून नोंद. महासंचालकांच्या परिपत्रकाने एका जिल्ह्यात हे उद्या सुरू करता येईल. प्रामाणिक निरीक्षकालाही ते हवंच असेल, कारण रात्री दोन वाजता लॉकअपमध्ये काय झालं याचं उत्तर मग गस्तीवर असलेल्या त्याला द्यावं लागणार नाही.