तो तलाव फ्लॅटवाल्यांचा नाही, वॉर्डाचा आहे

'तरण तलाव हा बिल्डर आणि फ्लॅटधारक यांच्यातला वाद, महापालिकेचा त्यात काय संबंध?' हे गृहसंकुलांतल्या तलावांवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. सार्वजनिक सुविधेसाठी आरक्षित भूखंडावर 'समावेशक आरक्षण' या नियमाखाली बांधकाम होतं, तेव्हा बिल्डर ती सुविधा स्वतःच्या खर्चाने बांधून पालिकेला फुकट देतो आणि बदल्यात त्याला बांधकामाचे हक्क मिळतात. म्हणजे तलावाची किंमत आधीच वसूल झालेली असते, तीही अख्ख्या वॉर्डाकडून. मग समोरच्या चाळीतल्या पोरांनी तिथे पोहायचं नाही, हे कोणी ठरवलं?

आमच्या उपनगरात अगदी हेच झालं. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले आणि 'सार्वजनिक' तलाव पोडियमवरच्या (इमारतींच्या सामाईक उंच चौथऱ्यावरच्या) क्लबहाउसमध्ये जाऊन बसला. गेटवर कार्ड दाखवा, नाहीतर चालते व्हा. आम्ही माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा काढला, तर तलावाला थेट रस्त्यावरून वेगळं प्रवेशद्वार होतं. प्रत्यक्षात तिथे आज जनरेटर आहे! गंमत म्हणजे फ्लॅटधारकही फसलेच, त्यांना हाच तलाव 'खास तुमचा' म्हणून विकला होता. त्यांच्यासाठी रेरा या घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १२ आहे, खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई मागता येते. पण चाळीतल्या माणसाने एक रुपयाही भरलेला नसतो, त्याला या कलमाचा काय उपयोग? त्याच्या वतीने भांडायचं काम पालिकेचंच. तलाव ताब्यात येईपर्यंत शेवटच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला) अडवलं असतं, तरी पुष्कळ होतं.