गोळीचं नाक आणि लायसन्सचं पान

"हॉलो पॉइंट गोळी सापडली की सरळ सात वर्षं आत!" असं छातीठोकपणे सांगणारे इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गल्लोगल्ली भेटतात. हॉलो पॉइंट म्हणजे पोकळ टोकाची, लागल्यावर पसरणारी गोळी. त्यातल्या कित्येकांच्या कपाटात .३१५ ची रायफल आणि खडकीच्या काडतुसांचा डबा असतो. त्यांनी डब्यातलं एक काडतूस काढून खिडकीशी नेऊन बघावं. बुडावर 'केएफ' आणि '८ एमएम' (म्हणजेच .३१५ इंच) असा ठसा दिसेल. आता पुढचं टोक बघा. गोळीवरचं कवच टोकापर्यंत जातच नाही, पुढे करडं शिसं उघडं असतं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. याला सॉफ्ट नोज म्हणतात. लागली की ही गोळी पुढून चेपून पसरते. म्हणजे ज्या 'पसरणाऱ्या गोळी'ची एवढी धास्ती, ती सरकारी कारखान्यात तयार होऊन लायसन्सवर, रीतसर पावती करून विकली जाते.

हॉलो पॉइंट ही त्याच जातीची, फक्त तिच्या टोकाला खळगा असतो. ७.६५ पिस्तुलाची खडकीची गोळी मात्र पूर्ण कवचाची, गुळगुळीत. ती पसरत नाही.

"पण जिनिव्हा करारात बंदी आहे ना?" जिनिव्हा नव्हे, हेग. १८९९ चा जाहीरनामा. त्यामागचं कारण आपल्याच देशातलं. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात .३०३ च्या गोळीचं नाक उघडं ठेवून बघितलं गेलं, त्यावरूनच 'दमदम बुलेट' हा शब्द जगभर गेला. ती बंदी युद्धात लढणाऱ्या सैन्यांसाठी आहे. दौलतगंजातल्या दुकानदाराच्या लायसन्सशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत तर पोलीस सर्रास हॉलो पॉइंट वापरतात, आणि तिथल्याच न्यू जर्सी राज्यात सामान्य माणसावर तिच्याबाबत कडक निर्बंध आहेत. तिथले व्हिडिओ बघून इथले निष्कर्ष काढू नका.

इथे चालतो तो शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम २ मध्ये 'प्रतिबंधित दारूगोळा' कशाला म्हणायचं ते लिहिलंय: विषारी द्रव किंवा वायू भरलेला, शिवाय रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड, तोफगोळे, क्षेपणास्त्रं वगैरे, आणि केंद्र सरकार राजपत्रात ज्याची भर घालेल ते. या व्याख्येत गोळीच्या नाकाचा आकार कुठेच नाही. सात वर्षांची भीती जिथून येते ते कलम २५(१अ) अशा प्रतिबंधित मालासाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे सात ते चौदा वर्षं शिक्षा आहे.

मग माणूस अडकतो कशात? बोरमध्ये, म्हणजे नळीच्या मापात, आणि कागदात. ९ एमएम किंवा .३०३ म्हणजे सैन्याचं काडतूस, 'पी.बी.', म्हणजे प्रतिबंधित बोरचं. त्याचं टोक गोल असो, चपटं असो की पोकळ, तुमच्या साध्या एन.पी.बी. (बिगर-प्रतिबंधित बोरच्या) लायसन्सवर ते बसत नाही. लायसन्स .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि खिशात .३१५ चं काडतूस, तरी कलम ३ मोडलंच, आणि २५(१ब) खाली दोन ते पाच वर्षं. परदेशातून आलेल्या भाच्याने 'काकांसाठी' आणलेली हॉलो पॉइंटची पुडी तर त्याहून वाईट, कारण तिथे आयातीचं कलम १० सुद्धा लागतं. गोळी कायदेशीर आहे की नाही हे तिचं नाक सांगत नाही. लायसन्सवर तिचा बोर आहे का, एका वेळी किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची याच्या आकड्यात ती बसते का, आणि परवानाधारक दुकानदाराची पावती आहे का, हे तीन प्रश्न विचारा. पावती लायसन्सच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. राजपत्रात पुढे काही भर पडली का, हे शस्त्र शाखेला लेखी अर्ज करून विचारता येतं. कट्ट्यावरच्या वकिलाला विचारू नका.

बाळगण्याचे नियमही लोक वाचत नाहीत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि लांब बंदूक पूर्ण झाकलेल्या कव्हरमध्ये हवी. खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, जमाव आणि शाळा-कॉलेजचा आवार वर्ज्य. म्हणजे आपल्या मेळ्यात कमरेला पिस्तूल लावून भजी खाणं हा अटींचा भंग आहे, गोळी कुठलीही असो. लायसन्स फक्त मध्य प्रदेशापुरतं असेल तर मुरैना ओलांडून राजस्थानातल्या धौलपूरला पोचलात की हातात उरतं ते विनापरवाना शस्त्र. तासाभराचा रस्ता आहे, लक्षातही येत नाही.

आता स्वसंरक्षण. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क आहे आणि तिथेही गोळीचा प्रकार लिहिलेला नाही. कलम ३७ म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बचाव करणाऱ्याला बऱ्यापैकी समजून घेतलंय, हे खरं. तरी समोरचा पळत असताना पाठीत लागलेली गोळी कसल्याही नाकाची असली तरी तुम्हाला बुडवते. सरकारी वकील 'मुद्दाम जास्त घातक गोळी आणली' असं म्हणेलही. त्यावर खडकीच्या कारखान्याची पावती हे चांगलं उत्तर आहे. परदेशी पुडीला उत्तर नाही.

पसरणाऱ्या गोळीच्या बाजूने एकच मुद्दा मला पटतो. ती अंगात थांबण्याची शक्यता जास्त. आपल्या वाड्यांमध्ये दोन बिऱ्हाडांत कधी नुसती फळीची भिंत असते. आरपार गेलेली गोळी पलीकडच्या खाटेपर्यंत पोचते. पण .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी मुळात मंद. त्या वेगाला हॉलो पॉइंट बरेचदा उघडतच नाही. त्यात जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी, समोरच्याच्या अंगावर स्वेटर, कोट, वर शाल. खळग्यात कापडाचा बोळा बसला की ती साध्या गोळीसारखीच वागते. एवढ्यासाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

आणि कुणी 'टोक घासून देतो' म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा. कवच दोन्ही टोकांना उघडं पडलं की शिसं पुढे निघून जातं आणि कवच नळीत अडकतं. पुढचा बार त्यावर आपटतो, नळी फुगते किंवा फाटते, आणि डावा हात तिथेच असतो. परवान्याशिवाय घरी काडतुसं भरायला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ ने मनाई आहेच.

खरं नुकसान होतं ते साठवणीने. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि ती ऐन वेळी चेंबरमध्ये रुततात. ती कोरड्या डब्यात ठेवा, कळंक चढलेली वापरू नका. घोडा पडूनही बार उडाला नाही तर नळी मोकळ्या बाजूला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा. बार नुसता फुस्स झाला तर दुसरा टाकण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा.

आजोबांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं सापडली तर ती वाटू नका, नदीत टाकू नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विनाविलंब ठाण्यात जमा करा. नग मोजून, बुडावरचे ठसे लिहून, पोच घेऊन या.